वरखालीचं कुलूप

माझ्या धाकट्या भावाला सगळे ‘वरखाली’ म्हणायचे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? त्यालाही त्याचं काही वाटायचं नाही. उलट कोणी खरं नाव विचारलं तर आठवायला क्षणभर थांबायचा. तो सगळ्यात वर, पाचव्या मजल्यावर राहायचा आणि मी त्याच इमारतीच्या तळाला, माझ्या इस्त्रीच्या दुकानामागच्या खोलीत. त्याच्या घराच्या बरोबर डोक्यावर लिफ्टची मशीनरूम. लिफ्ट चालू झाली की त्याच्या छताला घर्रर्र व्हायचं आणि भिंतीवरचं कॅलेंडर थरथरायचं. लग्न होऊन आली तेव्हा माझी भावजय पहिले काही दिवस झोपलीच नाही. पुढे इतकी सवय झाली की लिफ्ट बंद पडली की दोघंही दचकून जागी व्हायची. मूलबाळ नाही, त्यामुळे त्या लिफ्टचंच जरा जास्त कौतुक होतं त्यांच्या घरात.

त्याचं काम हाताचं कमी आणि तोंडाचं जास्त. कोणी लिफ्टमध्ये अडकलं की तो आणि त्याचा कामातला सोबती असे दोघे धावायचे. या सोबत्याला आम्ही ‘पाना’ म्हणतो, कारण त्याच्या मागच्या खिशात कायम एक पाना खोचलेला असतो. पाना वर मशीनरूममध्ये जाऊन हाताने चाक फिरवत लिफ्ट मजल्याला लावायचा आणि माझा भाऊ बंद दाराला तोंड लावून आतल्या माणसाशी बोलत राहायचा. ‘आता आमचा माणूस जिना चढतोय. जरा जाड आहे, वेळ लागेल. आता पोचला. आता एक झटका बसेल, घाबरू नका. आता तुम्ही वीतभर खाली आलात.’ आतला माणूस रडत असो की शिव्या देत असो, याची टकळी चालूच. दार उघडेपर्यंत बोलणं थांबवायचं नाही, हा त्याचा नियम. बोलणं थांबलं की आतल्याला वाटतं, आपल्याला सोडून गेले. मग तो घाबरून दार उचकटायला जातो, आणि माणसं मरतात ती तेव्हा.

ही विद्या त्याला माझ्याकडून मिळाली. मी मुद्दाम सांगते, कारण त्याने हे कधी कोणाला सांगितलं नसणार. लहानपणी लपाछपी खेळताना तो आईच्या लोखंडी कपाटात जाऊन बसला आणि कपाट लागलं. किल्ली वडिलांच्या खिशात आणि वडील कामावर. आत हा जिवाच्या आकांताने ओरडत होता. मी तरी काय करणार? कपाटाला पाठ टेकून बसले आणि दिसेल ते सांगत सुटले. मांजर खिडकीत आलीय. शेजारच्या काकू चपला शोधतायत. बाबा गल्लीच्या तोंडाशी आले. बाबा जिना चढतायत. हळूहळू त्याचं ओरडणं थांबलं आणि हुंदके देत तो आतूनच विचारायला लागला, ‘मांजर गेली का?’ कपाट उघडलं तशी मी म्हटलं, ‘उघडलं बघ, ये बाहेर,’ आणि तो आला तो माझ्या गळ्यातच पडला. बंद जागेची धास्ती त्याला तेव्हापासून. अशा माणसाने लिफ्टचं काम का धरलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. विचारलं की म्हणायचा, ‘मी दाराच्या बाहेरच्या बाजूला असतो ना, ताई.’

खोकला त्याचा जुना. फुप्फुसं हळूहळू कडक होत चाललीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि याने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं. एका सुट्टीच्या सकाळी आमच्याच लिफ्टचा आवाज त्याला वेगळा वाटला. वर गेला, मेन स्विच पाडला, त्याला स्वतःचं कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि खाली येता येता जिन्यातच बसला. भावजयीची हाक माझ्या दुकानापर्यंत आली. मी इस्त्री तशीच टाकून धावले. एका गिऱ्हाइकाचा सदरा जळाला त्यात, जळू दे. वर पोचले तर भावाचे ओठ जांभळे पडलेले, आणि तो तोंड उघडून हवा पकडायला बघत होता, पण ती काही त्याच्या हाती लागत नव्हती. ज्या बाईसमोर अख्खी गल्ली गप्प बसते, तिला शेजाऱ्यांना हाक मारायला शब्द सुचेना.

तो आयसीयूत गेला आणि इकडे लिफ्ट बंदच राहिली. पहिले काही दिवस लोकांनी कळ काढली. मग दुसऱ्या मजल्यावरचे वकील माझ्या दुकानासमोर धापा टाकत उभे राहिले. नुसता दुसरा मजला, तरी धापा. म्हणाले, “तुमचा भाऊ बरा होईलच हो, पण तोवर आम्ही काय करायचं? एक कुलूप कापायला असा किती वेळ लागतो?”

“तुमच्या पँटला क्रीज पाहिजे की नको, ते आधी सांगा,” मी म्हटलं.

ते गेले, पण मलाही वाटलं, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे हाल होतायत, कापून टाकावं एकदाचं. पान्याला बोलावून घेतलं. तर हा पाना, जो एरवी माझ्यासमोर मान वर करत नाही, सरळ नाही म्हणाला.

“ताई, ते कुलूप म्हणजे माणूस आत आहे अशी खूण असते. मशीनला हात घालायच्या आधी आम्ही प्रत्येक जण आपापलं कुलूप लावतो आणि काम झालं की ज्याचं त्याने काढायचं. दुसऱ्याने नाही. आत कोणाचा हात असेल, काय सांगता येतं? कुलूप आहे तोवर माणूस आहे, असं धरायचं.”

“अरे पण तो दवाखान्यात आहे, मशीनमध्ये नाही.”

“असू दे. त्याने काय बघून बंद केलं ते मला माहीत नाही. किल्ली तो त्याच्या हाताने देईल तेव्हा काढू.”

तो आपल्या कामाचं बोलून गेला बिचारा, पण माझ्या मनाने ते भलतंच धरलं. कुलूप आहे तोवर माणूस आहे. मग रोज दुकान उघडायच्या आधी मी गुडघे धरत सगळे जिने चढायची आणि मशीनरूमच्या जाळीच्या दारातून ते लाल कुलूप बघून यायची. कोणी कापलं तर नाही ना, एवढंच. दिसलं की जिवात जीव यायचा. वेडेपणा आहे, मला कळत नव्हतं असं नाही. पण भीतीने एकदा घर केलं की शहाणपण कुठे राहतं?

आयसीयू म्हणजे मोठा थोरला बंद डबा. खिडकी नाही, बाहेर ऊन आहे की अंधार ते कळत नाही, आणि आत गेलं की दार पाठीमागे आपोआप लागतं. मला गाऊन घालून थोडा वेळ आत सोडायचे. त्याच्या तोंडावर घट्ट मास्क, यंत्र जोराने हवा आत ढकलतंय आणि त्याचे डोळे सारखे दाराकडे. एकदा पाना त्याला भेटून आला. लिफ्टला काय झालं होतं, असं त्याने विचारलं, तर मास्कच्या आतून एकच शब्द आला, ‘ब्रेक.’ पान्याचा चेहरा उतरला. बाहेर येऊन मला म्हणाला, “ब्रेक धरत नव्हता, ताई. बरं झालं कापलं नाही ते.” नवे ब्रेकचे पट्टे त्याने त्याच दिवशी मागवले, पण ते यायला वेळ लागणार होता.

आणि मग डॉक्टरीणबाईंनी मला आणि भावजयीला बाजूच्या खोलीत बसवलं. वयाने लहान होत्या, पण त्यांनी गोलगोल बोलून आम्हाला फिरवलं नाही. फुप्फुसं आता सुधारणार नाहीत. घशात नळी घालून मोठ्या यंत्रावर ठेवता येईल, पण त्यावरून ते उतरतील असं वाटत नाही. “त्यांना मी हे सगळं सांगितलंय,” त्या म्हणाल्या. “त्यांना घरी जायचंय.”

भावजय माझ्याकडे बघायला लागली. घरात काही मोठं ठरवायचं असलं की ती माझ्याकडे बघते, आणि मला त्याचा अभिमान होता. त्या दिवशी वाटलं, बघू नकोस गं बाई माझ्याकडे. मी उठून आत गेले. भावाने मास्क बोटभर उचलला.

“ताई, मला बाहेर काढ.”

“काढते,” मी म्हणाले.

शब्द दिला आणि बाहेर येऊन भिंत धरून उभी राहिले. घरी न्यायचं म्हणजे मरायला न्यायचं. वाटेत गेला तर? घरी पोचून गुदमरायला लागला आणि आम्ही दोघी नुसत्या बघत राहिलो तर? लोक काय म्हणतील याची मला कधी पर्वा नव्हती. पण शेवटच्या घटकेला त्यानेच माझ्याकडे बघितलं आणि त्याच्या डोळ्यांत आलं, की ताई, हे काय केलंस, तर मी कुठे तोंड लपवणार होते?

घरी येऊन बघणारी दवाखान्याची एक सिस्टर होती. तिने आम्हाला बाटलीतलं औषध दाखवलं. श्वास लागला, जीव घाबरा झाला की एवढं गालाच्या आत सोडायचं.

“आणि याने तो गेला तर?” मी विचारलं.

“याने नाही जाणार. आजाराने जाणार आहेत. याने त्यांची तगमग कमी होईल.” मग बाटलीचं झाकण लावत म्हणाली, “शेवटी श्वास बदलेल. मध्येच थांबेल, परत येईल, घशात घरघर होईल. ते बघून तुमचा हात फोनकडे जाणार. सगळ्यांचा जातो. तेव्हा मला फोन करा, ॲम्ब्युलन्सला नाही. ते आले की त्यांचं काम सुरू करतील, उचलून पुन्हा इथेच आणतील, आणि मग तुमचे भाऊ इथेच जातील. या दाराच्या आत.”

भावजयीने माझा हात इतका घट्ट धरला की तिच्या बांगडीचा वळ उठला. घरी नेणं एक वेळ जमेल, पण नेल्यावर हात आवरणं जमेल का, हे माझं मलाच सांगता येत नव्हतं.

नेलं त्या दिवशी ऊन होतं. ॲम्ब्युलन्स इमारतीपाशी थांबली आणि सगळ्यांच्या माना लिफ्टकडे वळल्या. लिफ्ट बंद. ॲम्ब्युलन्सची दोन माणसं, पाना आणि चौथा कोण, तर वकील. मी काही म्हणायच्या आत त्यांनी कोट काढून माझ्या दुकानाच्या टेबलावर ठेवला आणि उचलायच्या खुर्चीचा एक कोपरा धरला. भावाला पट्ट्याने खुर्चीला बांधलेलं, मांडीवर ऑक्सिजनचा लहान सिलिंडर. मी मागून औषधाची पिशवी घेऊन आणि माझ्या मागे भावजय. प्रत्येक पायरीला त्याची मान हलत होती, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता गेला.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर नळी कठड्यात अडकली आणि सिलिंडरपासून सुटली. हवा फुस्स करत भलतीकडे जायला लागली. कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं, कारण मी त्याच्या ओठांवरून नजर काढली नव्हती. ते पुन्हा जांभळे पडत होते. “खाली ठेवा, खाली ठेवा,” मी ओरडले. अरुंद जागा, चार माणसं, नळीचं टोक कोणाला सापडेना. अजून दोन मजले बाकी. माझं डोकंच फिरलं. दवाखान्यातून निघताना त्याच्या कपड्यांबरोबर मिळालेली कुलपाची किल्ली भावजयीच्या पर्समधून ओढून काढली आणि पान्याच्या अंगावर फेकली. “जा वर. चालू कर लिफ्ट. एक फेरी कर, मग काय तो ब्रेक मोडू दे.”

पान्याने किल्ली झेलली, पण तो हलला नाही. तो भावाकडे बघत होता. भाऊ, ज्याला श्वास घेता येत नव्हता, तो मान हलवत होता. नाही. हात लांब करून त्याने किल्ली मागितली. पान्याने ती त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याने मूठ मिटली. तेवढ्यात वकिलांना नळीचं टोक त्यांच्याच बुटाखाली सापडलं. पुन्हा हवा सुरू झाली. मी पायरीवर मटकन बसले आणि रडायच्या ऐवजी भावाला शिव्या घातल्या. मरतोस तरी ऐकत नाहीस, असं म्हणाले मी त्याला. त्याने डोळ्यांनी हसल्यासारखं केलं.

घरी पलंगावर टेकवलं, खिडकी उघडली, तेव्हा त्याने पहिल्यांदा दाराकडे बघणं सोडलं. “बाहेर,” म्हणाला. मग चमचाभर चहा घेतला. मग विचारलं, “वकिलांचं पोट कमी झालं का?” मी हसले आणि आत जाऊन पदरात तोंड घालून रडले. किल्ली मात्र त्याने कोणाला दिली नाही. झोपला तरी मुठीत.

पुढचे दिवस असे गेले की मी त्याच्या छातीकडे बघत बसायची. वर झाली, खाली झाली. वर झाली, खाली झाली. त्याचं नावच पडलं होतं ते. भांडं पडलं तरी मी उडायची. भावजय न्हाणीघरात गेली तरी दार उघडं ठेवून जायची. ब्रेकचे पट्टे आले होते आणि पाना वर काम करत होता. त्याने भावाच्या कुलपाशेजारी स्वतःचं कुलूप लावलं होतं. छतावर त्याची खुडबुड चालायची आणि भाऊ डोळे मिटून ऐकत राहायचा. काहीतरी खणकन वाजलं की हळूच म्हणायचा, “पाडला.” मी विचारायची, “काय पाडलं?” तर म्हणायचा, “पान्याने पाना.”

मग एका दुपारी जेवणानंतर त्याचा श्वास बदलला. सिस्टरने सांगितलं होतं तसाच, पण सांगितलेलं वेगळं आणि समोर आलेलं वेगळं. घशात घरघर सुरू झाली. छाती वर झाली, खाली गेली, आणि तशीच राहिली. मी मनातल्या मनात हाका मारल्या. मग एकदम मोठा श्वास आला आणि त्याचे डोळे उघडले. ते डोळे मी ओळखले. कपाटात असताना मला दिसले नव्हते, पण ते असेच असणार.

“वन्सं, मला नाही बघवत,” भावजय म्हणाली आणि फोनवर ॲम्ब्युलन्सचा आकडा दाबायला लागली. मी फोन हिसकावून घेतला. खरं सांगते, तिला थांबवायला नाही, तर मलाच तो लावायचा होता. बोट बटणावर होतं. येतील, उचलतील, यंत्र लावतील, श्वास चालू राहील. मग मला तिथलं ते आपोआप लागणारं दार आठवलं. मी सिस्टरला फोन लावला. “निघाले मी,” ती म्हणाली, “पण मला यायला वेळ लागेल. औषध द्या. आत्ता द्या.”

बाटली माझ्या हातात अशी थरथरत होती की दोन थेंब उशीवर पडले. आयुष्यभर या हातांनी विस्तवासारखी तापलेली इस्त्री धरली, कधी कापले नाहीत. मी त्याचा गाल बोटाने ओढला आणि औषध आत सोडलं. मनात येत होतं, आता जे होईल ते माझ्या हाताने. आम्ही दोघी वाट बघत राहिलो. हळूहळू त्याच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. घरघर तशीच, पण डोळ्यांतली ती भीती जरा ओसरली. ती तिथून निघाली आणि सगळी माझ्याकडे आली, असं मला वाटलं.

तेवढ्यात पाना दारात. हात काळे, कपाळ काळं, तोंडावर काम झाल्याचा आनंद. त्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं.

“ब्रेक झाला, ताई. मस्त धरतोय. माझं कुलूप काढलं मी. आता फक्त…”

पलंगाकडे लक्ष गेलं आणि तो पुढचं बोललाच नाही. पण मला कळलं होतं. आता फक्त त्याचं कुलूप राहिलं होतं.

“नाही,” मी म्हणाले. “चालता हो इथून. कोणी काढायचं नाही ते. लोकांना चढू दे जिने, काही मरत नाहीत. निघ.”

पाना मागे सरकला. भाऊ इतका वेळ दूर कुठेतरी होता, पण त्याला ऐकू आलं असावं. चादरीवरचा त्याचा हात हलला. मूठ उघडायला वेळ लागला, एक एक बोट करत उघडली. तळहातावर किल्लीचा ठसा उमटला होता. तो पान्याकडे बघत होता, माझ्याकडे नाही. पाना पुढे आला, विजारीला हात पुसले आणि दोन्ही हातांनी किल्ली उचलली. मला त्याच्या हातातून ती काढून घ्यावीशी वाटली. अगदी आतून वाटली. पण ज्याचं कुलूप त्याने स्वतःच्या हाताने किल्ली दिली होती. मी कोण अडवणार?

पाना दारापर्यंत गेला आणि वळला. बोलला ते कामावर बोलतात तसं.

“मी वर जातो. दाराशी तुम्ही थांबा, ताई.”

त्यांच्या कामात एक जण वर जातो तेव्हा दुसरा दाराशी थांबतो आणि बोलतो. मी भावाच्या कानाशी वाकले. इतकी घाबरले होते की काय बोलायचं ते सुचेना. मग दिसेल ते सांगायला लागले.

“आता पाना जिना चढतोय. जरा जाड आहे, वेळ लागेल. तुझी बायको पायाशी बसलीय. तिने तुझे पाय धरलेत, थंड आहेत म्हणून चोळतेय. समोरच्या गच्चीवर कोणीतरी चादरी वाळत घातल्यात. एक पडली खाली. आता पाना पोचला. जाळीचं दार वाजलं, ऐकलंस ना?”

श्वास आला. बराच वेळ नाही. पुन्हा आला.

“आता कुलूप काढतोय. तुझंच आहे, तूच दिलीस किल्ली. आता एक झटका बसेल, घाबरू नकोस.”

वरून खट आवाज झाला आणि छताला घर्रर्र सुरू झालं. भिंतीवरचं कॅलेंडर थरथरलं. कितीतरी दिवसांनी ते घर पुन्हा त्याच्यासारखं वाजायला लागलं. भावजय छताकडे बघत रडायला लागली. भावाचे डोळे अर्धे मिटले होते, पण त्याच्या भुवया उचलल्या गेल्या, जरासंच. तो ब्रेक ऐकत होता, माझी खात्री आहे.

“लिफ्ट रिकामी खाली गेली. पहिली फेरी रिकामीच असते ना तुमची. आता तळाला पोचली, माझ्या दुकानापाशी. वकील आलेच असतील धावत. थांबा म्हणावं. आता वर निघाली. पहिला मजला.”

प्रत्येक मजल्याला लिफ्टचा खट आवाज व्हायचा, तो उघड्या दारातून ऐकू येत होता. छाती वर झाली आणि खाली गेली. मी वाट बघितली. खाली ती खालीच राहिली.

“दुसरा,” मी म्हणाले.

भावजय पायापासून उठून त्याच्या तोंडाशी आली. तिने त्याच्या नाकाशी हात धरला, छातीवर कान ठेवला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“वन्सं, हे गेले.”

“तिसरा.”

“वन्सं, पुरे करा आता. त्यांना ऐकू येत नाहीये.”

“अजून दार उघडलेलं नाही,” मी तिला म्हणाले, आणि पुन्हा त्याच्या कानाशी वाकले. “चौथा. आता आलीच. मी इथेच आहे.”

बाहेर लिफ्ट पाचव्या मजल्यावर थांबली. हलकासा धक्कासुद्धा बसला नाही, पान्याने ब्रेक खरंच छान बसवला होता. दार सरकलं.

“उघडलं बघ,” मी म्हणाले. “ये बाहेर.”

मग मी बोलायचं थांबले.